दोन फुटांचं दार

"तुझा काय, कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण अख्ख्या देशातल्या न्हाणीघरांच्या दाराचं माप मी ठरवलंय!" चौकटवाले काका सुताराला सांगत होते.

सुतार काकांच्याच न्हाणीघराची चौकट काढायला खिळ्यांशी झटापट करत होता. काकू परवा इस्पितळातून चाकाच्या खुर्चीत बसून घरी आल्या आणि खुर्ची नेमकी याच दारात अडली. आत जाता येईना म्हणून दोन दिवस काकूंनी पाणी पिणंच कमी केलं होतं. आता त्या मागे बसून बघत होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाठ केली होती.

"मग दोनच फूट का ठेवलंत हो?" सुताराने विचारलं.

"शास्त्र आहे त्यात! मापं ठरवणाऱ्या समितीने एक पहिलवान आणला. पावणेदोन फुटांच्या चौकटीत घातला, तर बाटलीला बूच बसावं तसा बसला. दोन दिवस तिथेच मुक्काम. पुढून एकजण घास भरवतोय, मागून चौघं ढकलतायत! शेवटी दोन फुटांतून सुटला. लगेच हात वर. अकरापैकी दहा!"

सुतार खो खो हसला. काकांना जरा हायसं वाटलं. ते दहाही जण एकमेकांशीच धंदा करत होते, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळलं. चार फुटी प्लायमधून दोन फुटांची दोन दारं निघतात, तुकडाही वाया जात नाही. म्हणून प्लायवाले, बिजागरीवाले, इमारती बांधणारे असे सगळे आठवडाभर आधीच काकांच्या दिवाणखान्यात एक झाले होते. समितीत नुसते हात वर करायचे बाकी होते.

"आणि तो अकरावा?"

काकांनी हातातली टेप उगाच ओढली, सोडली. "तो होय? तो पहिलवानाचा मामा. भाच्याची शोभा झाली म्हणून रुसला."

"खोटं!" मागून काकू म्हणाल्या.

सुताराची हातोडी थांबली.

"अहो, इकडे बघा. तो चाकांच्या खुर्च्या बनवायचा. सहाच इंच जास्त मागत होता बिचारा. त्याला तुम्ही धाडलेलं उत्तर मीच टाइप केलं होतं. 'अशा माणसांना घरचे उचलून नेतील.'"