सोन्याचं कडं

"कडं सोन्याचं, पण एवढंसं, की केसाच्या जाडीत अशी शंभर मावतील." तिनं फळ्यावर वर्तुळ काढलं. "इलेक्ट्रॉन इथून आत येतो. पुढे दोन वाटा फुटतात. तो लाटेसारखा दोन्ही वाटांनी जातो आणि पलीकडे स्वतःलाच भेटतो. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, की या लाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींच्या मुळावर उठतात. म्हणून धातूचा रोध असा वर-खाली होत राहतो."

समोर मुलाखत घेणारे तिघे माना डोलवत होते. लहान मुलीची कविता ऐकताना डोलवाव्यात, तशा.

जागा एकच होती. उमेदवार दोन, ती आणि तिचा नवरा. त्याची मुलाखत सकाळीच झाली होती. दारात तो म्हणाला होता, "बिनधास्त जा. तुझ्याबद्दल चांगलंच बोललोय." त्या एका वाक्यानं तिचं निम्मं दडपण उतरलं होतं.

दीड वर्ष ती त्या कड्यामागे हात धुऊन लागली होती. अकरा कडी जोडणी करतानाच जळाली. बारावं टिकलं. नवरा पलीकडच्या खोलीत जाड तारांवर काम करायचा आणि येता-जाता विचारायचा, "काय, दागिना घडला का?"

"आलेख फार सुबक आहेत हो," अध्यक्ष म्हणाले. "हातानंच काढता?"

ती हसली. बाकी कुणी हसलं नाही.

"कडं टिकवलं कसं, ते विचारा ना," शेवटी तीच म्हणाली.

"ते कळलं सकाळी. ज्यानं प्रयोग केला, त्याच्याच तोंडून."

खडू तिच्या बोटांत तसाच राहिला. आधी तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग नवऱ्याचं दारातलं वाक्य आठवलं. पण ती रडली नाही. पिशवीतून तिनं प्रयोगाची वही काढली आणि टेबलावर ठेवली. जळालेलं प्रत्येक कडं त्यात तारीखवार होतं.

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "बघा."

अध्यक्षांनी वही उघडलीही नाही. हलकेच तिच्याकडे परत सरकवली.

"तुमचंच असणार," ते मायेनं म्हणाले. "यजमानांनी सांगितलंय आम्हाला. ते आकडे सांगायचे, तुम्ही उतरवून घ्यायचात."