मागचं चाक

नायगावच्या लवू मेस्त्रींचा मुलगा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि घर चालवायला त्यांनी स्वतः घडवलेलं, चावीवर पळणारं छोटं पितळी इंजिन विकायला काढलं. खेळण्यातल्या आगगाड्या जमवण्याचं वेड असलेले दिगंबर प्रधान ठाकूरद्वाराहून तडक तिथे पोचले. मेस्त्रींनी रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं फिटरकी केलेली. इंजिनात खोट काढायला जागाच नव्हती. तरी किंमत पाडायला प्रधान बोलून गेले, "मेस्त्री, मागचं चाक डगमगतंय हो."

मेस्त्रींनी इंजिन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ निरखलं आणि निम्म्या किमतीत देऊन टाकलं. घरी ते रुळांवर तासभर पळालं, जरासुद्धा लचकलं नाही. प्रधान खुशीत होते.

रविवारी मेस्त्री एक जड पेटी उचलून त्यांच्या दारात आले.

"सायेब, चाक डगमगता ता माका दिसलाच नाय. म्हणजे माजे डोळे गेले. आता कानस हातात धरूची नाय. ही हत्यारां तुमीच ठेवा."

खरं सांगायला प्रधानांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटले ते एवढेच, "बसा मेस्त्री, चहा टाकायला सांगतो."