तीन वाट्या आणि एक जावई

“दंतवैद्य बाद!” फोन ठेवता ठेवता मास्तर ओरडले. “त्याचं दुसरीकडे जमलं. आता तू निवड बदल.”

लेकीच्या हातातला चहा हातातच राहिला. तिला मागणी घालणारे तिघे होते: दंतवैद्य, विमावाला आणि कोपऱ्यावरचा औषधवाला. तिने कधीच औषधवाला निवडला होता. फक्त बाबांचा होकार हवा होता. त्यांचं मन मोडून लग्न करायचं नाही, हा तिचा हट्ट. आणि औषधवाल्याला आज संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं.

“पण बाबा, बदलू कशाला? दंतवैद्य मला नकोच होता!”

“अगं, तेच तर कोडं आहे!” मास्तरांनी तीन वाट्या घेतल्या आणि ओट्यावर पालथ्या घातल्या. झालं! गणित शिकवण्याची नोकरी सुटली, पण कोडी काही त्यांना सोडेनात. हे कोडं तर सगळ्या गल्लीला पाठ. एका वाटीखाली बटण. तुम्ही एक वाटी निवडायची. उरलेल्या दोनमधली एक रिकामी वाटी मास्तर उघडून दाखवणार आणि विचारणार, बदलता का? बदललं तर बटण सापडायची शक्यता दुप्पट. ऐकणाऱ्याला पटत नाही, डोकं भणभणतं, पण उत्तर शंभर नंबरी.

“ही वाटी म्हणजे दंतवैद्य. उघडली, रिकामी.” मास्तर रंगात आले. “म्हणजे आता विमावाला दुप्पट चांगला. गणित आहे हे, माझ्या मनाचं सांगत नाही.”

“माणसं म्हणजे काय वाट्या आहेत?” लेक रडकुंडीला आली. पण बोलून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

आई इतका वेळ शेंगा मोडत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, “बरोबर आहे यांचं. मलाही मागणी घालणारे तिघे होते. एकाचं दुसरीकडे जमलं, तेव्हा मीही निवड बदलली होती.”

मास्तर उडालेच. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. “ऐकलंस? तुझ्या आईला तेव्हाच कळलं होतं! मग, बदलून काय हाती लागलं?”

“तुम्ही,” आई म्हणाली.

लेकीने तोंडावर पदर दाबला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“त्या औषधवाल्याला,” ते लेकीला म्हणाले, “संध्याकाळी जेवायलाच बोलाव.”