पाचव्या पावलाची हाक

“बावीस हजार? सर्व्हिसिंग करताय की गाडीची मुंज?” कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विदुलाताईंनी एस्टिमेटचा कागद परत सरकवला.

“मॅडम, कंपनीचे रेट आहेत,” टायवाला तरुण नम्रपणे म्हणाला.

अशा ठिकाणी घासाघीस चालत नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं. त्याच्याशी पैज लावूनच ताई आल्या होत्या. “पंधरात करा.”

“नाही जमणार, मॅडम.”

“मग राहू दे!” पर्स खांद्याला लावून ताई तरातरा दाराकडे निघाल्या. भाजीबाजारात तीस वर्षांत हा डाव एकदाही फसला नव्हता. पाचव्या पावलाला मागून हाक यायचीच. इथे मात्र दहा पावलं झाली, काचेचं दार मागे पडलं, वॉचमनने सलामही ठोकला. आता घरी काय तोंड दाखवायचं?

“मॅडम, थांबा!”

ताईंचा जीव भांड्यात पडला. पण चेहऱ्यावर काही न दाखवता त्या सावकाश वळल्या आणि धापा टाकत आलेल्या तरुणाला ठसक्यात म्हणाल्या, “हं, शेवटचं बोला. कितीला देताय?”

“अहो मॅडम,” तो काकुळतीला आला, “गाडी आमची नाही, तुमचीच आहे!”