पाण्याची तपासणी

एकाहत्तर सालच्या मे महिन्यात पोलीस ठाण्यातल्या सहा शिपायांचं पोट दुखलं, तेव्हा पोलीस दवाखान्याच्या डॉक्टरांना ठाण्यातल्या विहिरीचा संशय आला. पाणी तपासायला त्यांनी आरोग्य निरीक्षक दत्तोपंतांना पाठवलं. त्या सहांपैकी देवरावचा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज तेवढ्यासाठी अडला होता. पाणी चांगलं निघालं, तर पोटदुखी खोटी आणि देवराव उद्यापासून ड्यूटीवर.

सगळे अर्ज हवालदार ताराचंदने लिहिलेले. त्याचं अक्षर चांगलं आणि अक्कलही. पोलिसाचं पोट दुखलं तर रजा मिळते. डोकं ठिकाणावर नाही म्हटलं, तर नोकरीवर गदा येते. म्हणून कुणी फासावरचं प्रेत उतरवून आला, कुणी रेल्वे रुळावरून गोळा करून आला, की तो काही न विचारता 'पोटदुखी' लिहायचा. देवरावने गेल्या सोमवारी काटोल रोडवरच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीतून सहा वर्षांची मुलगी काढली होती. तेव्हापासून त्याचं जेवण सुटलं होतं.

दत्तोपंत सायकलवरून घामेजून आले. त्यांनी पाणी शेंदून पेला भरला, उजेडात धरला, हुंगला.

"पाणी तर स्वच्छ आहे."

"वास येते साहेब," ताराचंदने ठोकून दिलं. "काहून गा देवराव, येते ना?"

दत्तोपंतांनी पेला देवरावपुढे धरला. त्याने तो हातात घेतला नाही.

"येते," तो म्हणाला.

"कशाचा?"

"खोबरेल तेलाचा."

ताराचंदने कपाळावर हात मारला. इतकी कच्ची थाप त्याने जन्मात ऐकली नव्हती.

"पोरीच्या केसाले होतं साहेब," देवराव म्हणाला. "मायनं सकाळीच चोपडलं असन. खांद्यावर घेतली तं वर्दीले लागलं. तीनदा धुतली वर्दी. भातात येते, चहात येते. आता ह्याच्यातही येऊन राहिला."

ताराचंदला स्वतःची लाज वाटली. तो रहाटाकडे बघत राहिला.

दत्तोपंतांनी पेला पुन्हा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग तो खाली ठेवून, विहिरीच्या काठावर वही टेकवून त्यांनी लिहिलं, 'पाण्याला वास येतो. पिण्यास अयोग्य.' खाली सही केली, तारीख घातली.

ऊन चांगलंच तापलं होतं आणि त्यांना परत शहरापर्यंत सायकल मारायची होती. पेन खिशाला अडकवून त्यांनी पेला उचलला आणि तेच पाणी घटाघटा पिऊन टाकलं.