वीणेचा पहारा

इमर्जन्सीचं काम आपल्याला झेपेल का, हे पाहायला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची योगिनी वाशिमच्या दवाखान्यात साधना मॅडमच्या हाताखाली आली होती. आज केनवडच्या कस्तुराबाईंचं हृदय थांबलं. योगिनी जीव तोडून त्यांची छाती दाबत होती, पुढच्या पाळीसाठी शिकाऊ डॉक्टर हर्षल शेजारीच उभा होता. पण योगिनीचा दाब हलका पडू लागला.

"थकली तू. हर्षलले येऊ दे," मॅडम म्हणाल्या.

"जमते मले, मॅडम."

"तुह्यासाठी नाही, बाईसाठी सांगून राह्यली मी."

तशी तिला आपल्या मेडशी गावचा हरिनाम सप्ताह आठवला, आणि देवाघरी गेलेले बाबा. वीणा घेऊन नाम घ्यायची आपली पाळी, म्हणजे पहारा, संपला की वीणा खाली न टेकवता ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे आणि त्याच्याच पाया पडायचे. सात दिवस नाम खंडायचं नाही. योगिनी बाजूला झाली, अन् लय न मोडता हर्षलचे हात तिच्या हातांच्या जागी आले.

थोड्या वेळानं कस्तुराबाईंची नाडी लागली. मॅडम हसून म्हणाल्या, "बाकी झ्याक. पण बाजूले होताना हर्षलच्या पायाले हात काहून लावला वं?"

योगिनीला काहीच आठवेना.

"मी नसंन लावला, मॅडम. आमच्या बाबानं लावला असंन."