एक्कावन्न बोरं

"बोरं नकोत म्हटलं होतं मी." वृषालीचा आवाज हळू होता, दात मात्र आवळलेले.

सरलाबाईंनी सुनेकडे पाहिलंही नाही. परातीतल्या मुरमुऱ्यांत हात घालून त्यांनी तळातली बोरं वर आणली. तांबूस, पिकलेली, जरा चेपलेली. "बोरं नही तं मंग बोरन्हान कसानं व? बिस्कुटन्हान म्हन ना."

हॉलमधल्या बायका हसल्या. शेजारच्या जशुबेनना अहिराणी कळत नव्हती, त्यासुद्धा हसल्या.

पाटावर अकरा महिन्यांची रेवा बसली होती. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याची माळ. दोनच दात आलेले, आणि ती माळेचं टोक त्या दोन दातांत धरून चोखत होती. वृषालीने ते तिसऱ्यांदा बाहेर ओढलं. पाटाभोवती सोसायटीतली पोरं पिशव्या उघडून, उकिडवी, तयारीत. वृषालीचा नवरा ललित मोबाईल आडवा धरून उभा होता.

"तिच्या घशाएवढी आहे एकेक आठळी, आई. किती वेळा सांगू?"

"मना तीन पोरं बोरं खाईसनच वाढनात." सरलाबाई आता बायकांकडे वळल्या. "देखा, संक्रांतले तिळगूळना खडा दिधा मी पोरले. तं हाई तिले दवाखानामा लई गयी. एक्सरे काढा तिनी, एक्सरे!"

"हाय हाय," जशुबेन म्हणाल्या. एक्सरे त्यांना कळला.

"वृषाली, राहू दे ना," ललित म्हणाला. "गावाकडचे सगळे बघतायत. व्हिडिओ कॉल चालू आहे."

"बघू देत."

दुपारभर सासूबाई स्वयंपाकघरात विळी घेऊन, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. गाजरं चिरतायत असं वृषालीला वाटलं होतं. तिने दोनदा डोकावून पाहिलं, दोन्ही वेळा सासूबाईंनी पदर पुढे ओढला. तेव्हाच परात उपसायला हवी होती.

"चला, व्हऊ द्या," कोणीतरी म्हणालं. सरलाबाईंनी दोन्ही हातांनी परात उचलली आणि नातीच्या डोक्यावरून ओतली.

मुरमुरे, बत्तासे, गोळ्या, बोरं. पोरं तुटून पडली. रेवा आधी दचकली, मग खिदळली. तिने फरशीवर दोन्ही हात मारले आणि हाताला लागलं ते तोंडात घातलं.

वृषालीने पाहिलं. बाकी कोणी पाहिलं नव्हतं.

"बोर!" ती पोरांवरून झेपावली. कोणाचा तरी हात तिच्या पायाखाली आला, ते पोर किंचाळलं. तिने रेवाला उचललं, हातावर पालथं घातलं, पाठीत थापट्या मारल्या. मुकुट निसटून फरशीवर फुटला. मग सुलटं करून तिने दोन बोटं तोंडात घातली. बोराची साल निघाली. मग गर निघाला, मऊ, चघळलेला.

आठळी नाही.

"आठळी कुठाय?" तिने बोट आणखी आत घातलं. "ललित, गाडी काढ! आठळी आत गेली. ललित!"

रेवाला ओकारी आली, मग तिने टाहो फोडला. सरलाबाई पुढे झाल्या. "दे ती पोर माले."

"हात लावू नका तिला!"

ललितच्या मोबाईलमधून एक बाई "काय झालं, काय झालं" विचारत होती. त्याने स्क्रीन छातीशी दाबला. वृषालीचं बोट अजून रेवाच्या तोंडातच होतं, गालाच्या आतून, जिभेखालून फिरत होतं.

"बेन, छोकरू रडे छे," जशुबेन घाबरत म्हणाल्या. "रडे छे एटले श्वास चाले छे. छोडी दो हवे."

तेवढ्यात फरशीवरून, पिशवी भरून घेतलेली चौथ्या मजल्यावरची सोनाली तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आंटी, ये बेर कैसे हैं? इसमें गुठली ही नहीं है."

तिने अर्धं खाल्लेलं बोर वर धरलं. दुसऱ्या पोरानेही आपलं बोर चावून पाहिलं. "मेरे में भी नहीं."

वृषालीने बोट बाहेर काढलं. रेवाच्या खालच्या हिरडीवर नखाचा ओरखडा उमटला होता. लाळ गुलाबी होऊन हलव्याच्या माळेवर ओघळत होती. एकेक पांढरा दाणा रंगत चालला होता.

"सांगायचं ना मग," ती म्हणाली. "आधी का नाही सांगितलंत?"

"तू माले इचारं का?"

सरलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. सगळ्या बायका त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा हातात स्टीलची वाटी होती. त्यांनी ती पाटावर, रेवाच्या जागी, आपटली. वाटी आठळ्यांनी भरलेली होती. ओल्या, चिकट, गर लागलेल्या.

"एक्कावन शेतस," त्या म्हणाल्या. "मोजी ले."

त्यांनी हात पुढे केले. रेवा रडतरडत आजीकडे झुकली आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. वृषालीचे हात रिकामे झाले.

ललित पुटपुटला, "झालं ना आता. उठा, हळदीकुंकू करा." बायका पदर सावरत उठायला लागल्या.

वृषाली पाटासमोर खाली बसली. वाटी तिने पुढ्यात ओढून पालथी केली. नखात अजून लाल होतं. त्याच बोटाने तिने पहिली आठळी बाजूला सरकवली.

"एक," ती म्हणाली.